टाकून दिलेलं उत्तर

वीट वरून पडली नाही. वीट आधी वर गेली, मग खाली आली.

सांगायचं एवढंच आहे. पण एवढं सिद्ध करायला मला शाळेत सोडवून विसरून गेलेलं वर्गसमीकरण पुन्हा मांडावं लागलं. ते सुटल्यावर हाती जे आलं त्याचं काय करायचं, हे कुठल्याही गाइडात दिलेलं नव्हतं.

मी पत्रकं लिहिते. बांधकाम मजुरांची एक लहान संघटना आहे, तिच्यासाठी. कन्नडात लिहिते, हिंदीत लिहिते, बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या एका बोळातल्या प्रेसमधून छापून आणते आणि साइटच्या फाटकावर उभी राहून वाटते. पत्रकात वाक्य छोटं हवं. दोषी कोण ते पहिल्या ओळीत हवं. 'कदाचित' हा शब्द चालत नाही. ही सवय इथेही दिसेल, इलाज नाही. मराठीत मी एरवी काही लिहीत नाही. मराठी आमच्याकडे घरात बोलायची, उंबऱ्याबाहेर कन्नड. ही गोष्ट मात्र मराठीत घडली आणि मराठीतच चुकली.

आमचं घर बनशंकरीत. आमचे लोक बेंगळुरूत कधी आले, कोणाच्या फौजेबरोबर आले, हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. पुण्याकडच्या कुणी आमची मराठी ऐकली की ते हसतात. हसू देत. घरात आम्ही तिघं. मी, माझा मोठा भाऊ, आणि बाबांची थोरली बहीण. भावाला मी अण्णा म्हणते. आत्याला बाबा अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. बाबा आता नाहीत. ते कन्नड शाळेत गणित शिकवायचे, आणि घरी मला तेच गणित मराठीत शिकवायचे. वर्गसमीकरण दोन्हीकडे वर्गसमीकरणच, तेवढी एक सोय.

अक्काला विसरण्याचा आजार आहे. आधी माणसांची नावं गेली, मग कन्नड गेलं. जन्मभर भाजीवाल्यांशी कन्नडात भांडलेली बाई. तिची ती भाषा हळूहळू गळून गेली आणि खाली घरातली मराठी तेवढी राहिली. त्यात ती प्रत्येक गोष्ट दोनदा करायची. दोनदा कॉफी मागायची, दोनदा अंघोळीला निघायची, दूधवाला दोनदा येऊन गेला म्हणायची. अण्णाने त्याची थट्टा करून ठेवली होती. अक्का काहीही म्हणाली की दोनाने भागायचं. थट्टेत वाईट काही नव्हतं, प्रेमच होतं. पण थट्टेची सवय लागते आणि मग माणूस ऐकायचं सोडून भागाकार करतो.

आमच्या शेजारचं जुनं बैठं घर पाडून तिथे इमारत चढत होती. वरच्या मजल्यावरच्या अक्काच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर लागेल अशा अंतरावर, पहिला स्लॅब आणि त्याच्यावर दुसरा. तिथे एक जोडपं काम करत होतं, उत्तर कर्नाटकातलं. तो मेस्त्री, ती त्याच्या हाताखाली. माल वर चढवायची छोटी क्रेन ठेकेदाराने दुसऱ्या साइटवर नेली होती. मग विटा वर कशा जायच्या? फेकून. ती पहिल्या स्लॅबवर उभी राहायची, तो दुसऱ्या स्लॅबच्या काठावर उकिडवा बसायचा, आणि ती खालून एकेक वीट त्याच्याकडे उडवायची. मी अक्काच्या मागे उभी राहून कितीदा तरी बघितलं होतं. वीट त्याच्या हातात आपटायची नाही. हातापाशी येऊन थांबायची, आणि तो ती फांदीवरचं फळ घ्यावं तशी घ्यायचा. बघायला फार छान वाटायचं. आता ते छान वाटलेलं आठवलं की मला माझाच राग येतो. डोक्यावर टोपी नाही, जाळी नाही, क्रेन नाही, आणि आम्ही खिडकीत बसून बघतोय.

एका दुपारी वीट तिच्या डोक्यावर पडली. ती तिथेच गेली.

मी घरी नव्हते, प्रेसमध्ये प्रूफ बघत होते. अण्णाचं ऑफिस बेळ्ळंदूरला, पण त्या दिवशी तो घरून काम करत होता. आरडाओरडा ऐकून तो वर धावला तर अक्का खिडकीशी बसलेली. समोर सूप, सुपात भिजवलेल्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, बिया. अवरेचे दिवस होते, आणि बिया सोलणं हे एकच काम अक्काचे हात विसरले नव्हते. बी चिमटीत धरायची आणि दाबायची, की दाणा सालातून टुणकन बाहेर. ती सोलतच होती.

संध्याकाळच्या आत पोलीस आले. खिडकीतून कुणी काही बघितलं का, एवढंच त्यांना हवं होतं. अक्का मराठीत म्हणाली, "वीट दोनदा गेली."

पोलिसाने अण्णाकडे बघितलं. अण्णाने पुन्हा विचारलं. अक्का पुन्हा म्हणाली, दोनदा गेली, माझ्यासमोरून गेली. आता अण्णा काही वाईट माणूस नाही. खोटं बोलणारा तर नाहीच. पण एकच वीट एकाच खिडकीसमोरून दोनदा कशी जाईल? त्याने मनातल्या मनात ते वाक्य सरळ केलं आणि कन्नडात सांगितलं, "एरडु इट्टिगे बित्तु अंते." दोन विटा पडल्या म्हणते. पोलिसाने लिहून घेतलं. खाली स्लॅबवर वीट एकच सापडली होती. झालं. म्हातारीच्या बोलण्याला अर्थ नाही, असं ठरलं आणि अक्का त्या प्रकरणातून बाद झाली.

ठेकेदाराने जबाब दिला की मेस्त्री दुसऱ्या स्लॅबच्या काठावर गुडघाभर भिंत बांधत होता, त्याने एक वीट काठावर सैल ठेवली, ती निसटून खाली बायकोवर पडली. निष्काळजीपणा मेस्त्रीचा. विटा फेकायची पद्धत आमच्या साइटवर नाहीच, असंही तो म्हणाला. मेस्त्रीला विचारलं. तो सगळ्याला हो म्हणाला. बायकोच्या मरणाचा गुन्हा नवऱ्यावर लागला आणि दुसऱ्या दिवशी साइटवर पाणी मारायचं काम चालू झालं.

मला हे कळलं तेव्हा मी पत्रक लिहायला बसले. तासाभरात लिहूनही झालं, तिखट झालं होतं. पण पुरावा काय? फेकाफेकी मी इतर दिवशी बघितली होती. त्या दुपारी बघणारी एकच, आणि तिला आम्ही दोनाने भागून ठेवलेलं.

सकाळी मी अक्काजवळ बसले. विचारलं, वीट कशी गेली, दाखव. तिने सुपातली एक बी उचलली. डावा हात खालून वर नेला. मग चिमटीतली बी दाबली, दाणा सुपात पडला. मग तोच हात वरून खाली आणला. "गेली," ती म्हणाली, "आणि आली." मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. हात वर, एक बी, हात खाली. मी कितीही वेळा विचारलं तरी मध्ये एकच बी. मी सावध झाले ती तिथे. कारण तिची आठवण फाटलेली असेल, हात फाटलेले नव्हते. ते एका लयीत चालायचे. मोबाइलवर वेळ लावून बघितला. एका बीला एक सेकंद, केसभर इकडे तिकडे.

बाबांचा फळा अजून जिन्याखाली आहे. मी तो बाहेर काढला.

बाबांची प्रोजेक्टाइलची गणितं मला पाठ होती. कड्यावरून दगड सोडला, मनोऱ्यावरून चेंडू टाकला, जमिनीवर किती वेळात येईल. समीकरणात काळाचा वर्ग येतो, म्हणून उत्तरं दोन येतात. एक धन, एक ऋण. मी दोन्ही लिहायचे, आणि बाबा खडूने ऋण उत्तरावर काट मारायचे. "काळ मागे जात नाही, पुट्टी. टाकून दे ते." पुट्टी म्हणजे छोटी, लाडाने. किती गणितांत किती उत्तरं टाकली असतील आम्ही. मी कधी विचारलं नाही की जे टाकलं ते जातं कुठे.

आधी ठेकेदाराचं म्हणणं खरं धरलं. त्या गुडघाभर भिंतीवरून वीट सुटली. सुटताना वेग शून्य. अक्का बसते तिथून तिची नजर समोर जाते, ती रेघ भिंतीच्या माथ्यापासून सव्वा मीटर खाली आहे. अण्णाकडे लेझरचं माप होतं, त्याने खिडकीतून मोजून दिलं, कशाला ते न विचारता. गुरुत्वाचा आकडा बाबा सोयीसाठी दहा धरायचे, मीही धरला. म्हणजे पडलेलं अंतर बरोबर पाच गुणिले काळाचा वर्ग. सव्वाला पाचने भागलं की पाव. काळाचा वर्ग पाव, म्हणून काळ अर्धा सेकंद.

किंवा उणे अर्धा सेकंद.

माझा हात सवयीने काट मारायला उठला आणि तिथेच राहिला. उणे अर्धा सेकंद म्हणजे काय? वीट भिंतीवरून सुटायच्या अर्धा सेकंद आधी ती अक्काच्या नजरेसमोर होती. भिंतीवर निवांत पडून असलेली वीट तिथे नसते. पण ती वीट भिंतीवर नसेलच तर? ती खालून येत असेल तर? मग ते उत्तर खोटं नाही. मग ती त्याच कमानीची अलीकडची बाजू आहे. अर्धा सेकंद वर जायला, अर्धा खाली यायला. दोहोंच्या मध्ये एक सेकंद. एक बी.

ज्या उत्तराला आम्ही जन्मभर काट मारली ते अक्काने डोळ्यांनी बघितलं होतं.

मग तेच गणित खालून, तिच्या हातापासून मांडलं. हाताच्या वर एक मीटर वीस सेंटिमीटरला अक्काची नजर. मधला एक सेकंद जुळायला वीट सेकंदाला सात मीटर वेगाने वर उडायला हवी. पाच टी वर्ग, वजा सात टी, अधिक एक पूर्णांक दोन, बरोबर शून्य. उत्तरं दोन, आणि या वेळी दोन्ही धन, टाकायला एकही नाही. पहिलं सेकंदाचा पाचवा भाग, दुसरं त्याच्यापुढे बरोबर एक सेकंद. वीट वर किती गेली असेल तेही काढलं. बरोबर भिंतीच्या माथ्यापर्यंत. तिथे तो हात पुढे करून बसलेला असायचा. त्या उंचीसाठी समीकरण मांडलं की वर्गमुळाखाली शून्य येतं. दोन उत्तरं मिळून एकच होतं. वीट तिथे ना चढत असते ना उतरत. फक्त तेवढा क्षण तिला कुणीतरी घ्यायचं असतं.

फळ्यावरून मी बाहेर बघितलं. ऊन चांगलं होतं, समोर कामं चालू होती, आणि मला त्या रिकाम्या हवेत वीट दिसत होती. वर जाणारी. थांबलेली. तेव्हापासून ती डोळ्यांसमोरून जात नाही. कुणी गच्चीवरून खाली चावी टाकली, कुणी रिक्षात बसता बसता पिशवी फेकली, बसच्या खिडकीतून कुणी संत्र्याचं साल भिरकावलं, की माझी नजर त्या वस्तूच्या मागे न जाता तिच्या आधीच्या बाजूला जाते.

अण्णाला बोलावून फळा दाखवला. तो शिकलेला माणूस, गणित त्याने एका नजरेत तपासलं आणि बरोबर आहे म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. आपण पोलिसाला काय सांगितलं ते त्याला तेव्हा कळलं.

"कोर्टात काय सांगणार आहेस?" त्याने विचारलं. "अवरेच्या बीवर केस उभी राहते का?"

"तू 'दोनदा'चं 'दोन' केलंस त्यावर तर राहिलीच ना."

तो म्हणाला की आपण ठाण्यात जाऊन चूक दुरुस्त करू, तो स्वतः येईल. मी म्हटलं, आधी मेस्त्रीला सांगते. मला वाटत होतं, मी त्याच्यासाठी सुटका घेऊन चालले आहे.

तो साइटच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. जामीन झाला होता, पण शहर सोडायचं नाही अशी अट. मुलगी गावी, तिच्या आजीकडे. शेडसमोर मी जमिनीवर विटकरीच्या तुकड्याने कमान काढून दाखवली. कन्नडात सांगितलं की वीट सैल ठेवलेली नव्हती, ती फेकलेली होती, हे आता सिद्ध होतं. क्रेन नव्हती म्हणून फेकावी लागली, म्हणजे दोष ठेकेदाराचा. त्याचा नाही. आमच्याकडे साक्षीदार आहे, आकडे आहेत, पत्रक तयार आहे. आणि मी फुशारकीने शेवटचंही सांगितलं. तिने अगदी बरोबर फेकली होती. वीट नेमकी तुझ्या हातापर्यंत आली होती.

तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. ठेकेदाराच्या गोष्टीत त्याचा गुन्हा एक वीट सैल ठेवण्याचा होता. माझ्या गोष्टीत वीट त्याच्या हातापाशी येऊन थांबली होती, आणि त्याने ती घेतली नव्हती.

तो म्हणाला, हे मला माहीत होतं. फेकलेली होती हे मला नाही तर कुणाला माहीत असणार. पण ते लिहू नका. लिहिलंत तर ठेकेदार म्हणेल, बाईने स्वतःच फेकली आणि स्वतःच्याच डोक्यावर घेतली. तिची आई ते ऐकेल. गाव ऐकेल. त्यापेक्षा माझी चूक म्हणून जाऊ दे, मी बसतो तुरुंगात.

मी वाद घातला. मला वाद घालताच येतो. दोष दोघांचा नाहीच, ज्याने क्रेन नेली त्याचा आहे, गप्प राहिलात तर उद्या दुसऱ्या साइटवर दुसरी बाई मरेल, हे सगळं सुनावलं. त्याने ऐकून घेतलं. मग त्याने एक प्रश्न विचारला, आणि मला कळलं की त्या दुपारपासून तो याच प्रश्नात बसून होता.

"तुमच्या अक्कांना तिचा आवाज आला होता का?"

त्यांच्यात पद्धत होती. वीट सोडायच्या आधी खालच्याने ओरडायचं, 'तगो', म्हणजे घे. तोवर वरच्याने आपलं काम करायचं, पण आवाज आला की बाकी सगळं सोडून हात पुढे करायचे. आमच्या गल्लीने तो आवाज महिनोन्‌महिने ऐकला होता. दिवसभर तगो, तगो. आणि मग गल्लीला त्याचा त्रास झाला. रहिवाशांच्या ग्रुपवर ठेकेदाराला संदेश गेला की दुपारचा आरडाओरडा बंद करा, मुलांच्या परीक्षा आहेत, लोक घरून काम करतात, शेजारी एक आजारी वृद्धा आहे. ती वृद्धा म्हणजे अक्का. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला तर तो आवाज आवडायचा, ती त्याच्याबरोबर मान हलवायची. गेलेल्या कन्नडातला तो एक शब्द रोज खिडकीतून परत यायचा. पण वृद्धा म्हटलं की तक्रारीला वजन येतं. ठेकेदाराने कामगारांना ताकीद दिली. ओरडायचं नाही, शांतपणे काम करा. क्रेन आणायची बुद्धी त्याला झाली नाही. तोंड बंद करायला काही लागत नाही.

एका अख्ख्या गल्लीने दुपारची झोप मागितली आणि ती मिळाली. हे वाक्य पत्रकात टाकू नको असं मला नंतर संघटनेतल्या लोकांनी सांगितलं, आपल्याला गल्ली तोडायची नाही म्हणाले. इथे टाकते.

त्या दुपारी खाली काँक्रीटचा मिक्सर चालू होता. मेस्त्री सिमेंटचा मसाला सारखा करायला वळला होता. वळून परत बघतो तर ती पडलेली. तिने आवाज दिला आणि आपल्याला आला नाही, की ताकीद होती म्हणून तिने दिलाच नाही? आवाज न देता ती वीट सोडणारी नव्हती, असं त्याला वाटायचं. मग लगेच वाटायचं, सोडलीही असेल, दमली होती. दोन्ही बाजूंनी तो स्वतःला सोलत होता.

मी म्हटलं, चला, विचारू.

तो आमच्या घरात यायला तयार नव्हता. पायांना सिमेंट होतं. अण्णाने दारात जाऊन, या या, "बन्नी, बन्नी" म्हणत त्याला आत घेतलं, स्वतः पुढे होऊन जिना चढला. अक्का खिडकीशी होती. तिने मेस्त्रीला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण तिने आपली खुर्ची थोडी सरकवली, म्हणजे त्याला खिडकीजवळ जागा झाली. तो बसला नाही. उभा राहून समोरचा स्लॅब बघत राहिला. इथून तो किती जवळ दिसतो हे त्याला पहिल्यांदाच दिसत असणार.

या वेळी अर्थ लावायचं काम मी अण्णाला करू दिलं नाही आणि स्वतःही केलं नाही. अक्काला मराठीत विचारलं, शब्दाला शब्द. ती बाई वीट टाकायच्या आधी काही बोलली का?

अक्का म्हणाली, "बोलली की."

"काय बोलली?"

अक्का पुढे झुकली. तोंडाशी हात आडवा धरला, शेजारची झोपमोड होऊ नये म्हणून आपण धरतो तसा. आणि अगदी हळू, श्वासाएवढ्या आवाजात म्हणाली, "तगो."

तो आवाज अक्काचा नव्हता. मी एवढंच म्हणते. अक्काचा गळा जाड आहे, आणि तो शब्द बारीक, उत्तरेकडच्या हेलाने आला, शेवटी किंचित लांबवलेला. मेस्त्रीने खिडकीचा गज धरला.

त्याने मला विचारलं, एवढ्याच हळू? मी अक्काला विचारलं. अक्का म्हणाली, "हळूच. ओरडू नका म्हणालं होतं ना कुणीतरी."

मी ते कन्नडात सांगितलं. अण्णा जिन्याकडे तोंड करून उभा होता. ग्रुपवरच्या त्या संदेशाखाली अंगठ्याचं चिन्ह टाकून होकार देणाऱ्यांत तोही होता, आणि ते त्या खोलीत मी बोलून दाखवायची गरज नव्हती.

मेस्त्री रडला नाही. त्याने दोन-तीनदा मान हलवली, कुणी हिशेब समजावल्यावर हलवतात तशी, आणि म्हणाला, "म्हणाली होती." मग पुन्हा, स्वतःशीच. म्हणाली होती. अक्काने सुपातले सोललेले दाणे ओंजळीत घेऊन त्याच्यापुढे धरले. त्याने दोन्ही हात पुढे करून ते घेतले.

ठाण्यात आम्ही चौघं गेलो नाही, तिघंच गेलो, अक्काला घरी ठेवून. अण्णाने आपली चूक सांगितली, 'दोन विटा' नव्हे, 'दोनदा'. ते ऐकून तिथला लेखनिक हसला, मग हसणं आवरून लिहून घेतलं. माझे आकडे त्याने बाजूला ठेवले. म्हणाला, हे तुमच्या वकिलाला द्या मॅडम, मी दहावीत गणितातच उडालो होतो. केस अजून चालू आहे. ठेकेदाराचं नाव आता त्यात आहे, मेस्त्रीचंही अजून आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी इथे लिहिणार नाही.

पण मेस्त्रीचा जबाब मी ऐकला. तो सावकाश बोलला, लेखनिक लिहीत गेला. क्रेन नव्हती. विटा हाताने वर द्यायचो. आवाज द्यायचा नाही असं सांगितलं होतं. तिने आवाज दिला, हळू दिला, मिक्सर चालू होता, मला आला नाही. लेखनिकाने शेवटी सगळं वाचून दाखवलं. एका जागी त्याने लिहिलं होतं, 'इट्टिगे बित्तु', वीट पडली.

मेस्त्रीने हात वर केला. ते तसं नको, म्हणाला. वीट पडली नाही. 'एसेदळु' लिहा. तिने फेकली.

लेखनिकाने पेन थांबवलं. भल्या मनाने समजावलं, अरे बाबा, असं लिहिलं तर उद्या ते तिच्यावरच टाकतील. विचार कर.

"टाकू देत सर," तो म्हणाला. "तिने काम बरोबर केलं होतं."

लेखनिकाने तो शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, आणि कागद त्याच्यासमोर फिरवला.